विंडोज १० नंतर जुन्या लॅपटॉपचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट थांबवली. तेव्हापासून घरातल्या आणि छोट्या ऑफिसांतल्या जुन्या मशिनींबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. लॅपटॉप किती जुना आहे यापेक्षा त्याला कोणता प्रिंटर, कोणतं डाँगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबी किल्ली) आणि कोणता जुना फॉन्ट चिकटलेला आहे, यावर निर्णय ठरतो.

विंडोज १० आता बंद पडणार का?

नाही. मशीन पूर्वीसारखंच चालू होईल, फाइली उघडतील, प्रिंट निघेल. बंद झालं ते मूळ प्रणालीतली भोकं बुजवण्याचं काम. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसची व्हायरस-यादी आणि एज ब्राउझरची अपडेट २०२८ पर्यंत मिळत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, त्यामुळे "आजपासून बँकेचं काम बंद" ही घबराट अनाठायी आहे. पण डिफेंडर म्हणजे दारावरचा पहारेकरी. भिंतीतलं भगदाड तो बुजवत नाही. नेटला न जोडलेलं, निव्वळ बिलं छापणारं मशीन आहे तसं ठेवलं तरी चालेल. ज्यावर ईमेल, नेटबँकिंग आणि कुणाकुणाचे पेनड्राइव्ह येतात त्याची सोय करा.

एक वर्षाची मुदतवाढ मिळते म्हणतात. ती कशी घ्यायची?

मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट या पानावर 'एनरोल' असा दुवा दिसतो. तीन मार्ग आहेत: सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात चालू करणं (याला पैसे नाहीत), एक हजार रिवॉर्ड पॉइंट देणं किंवा ३० डॉलरच्या आसपास रक्कम भरणं. एका खात्यावर दहा मशिनी बसतात.

दुवा दिसत नसेल तर आधी विंडोज १० ची आवृत्ती तपासा. २२एच२ पेक्षा जुनी असेल तर तो येतच नाही. दुसरं कारण म्हणजे बरेच महिने अपडेट न केलेलं मशीन: दुवा न दिसण्याचा एक घोळ ऑगस्ट २०२५ च्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला, तेव्हा आधी साचलेली सगळी अपडेट घेऊन मशीन रीस्टार्ट करा. मायक्रोसॉफ्टचं खातं तिन्ही मार्गांना लागतं. मशीनवर नुसतं स्थानिक खातं असेल तर नोंदणी करताना साइन-इन करावं लागेल. ऑफिसच्या डोमेनला (मध्यवर्ती नेटवर्क-व्यवस्थेला) जोडलेल्या मशिनींना ही घरगुती योजना लागू नाही.

'हा पीसी विंडोज ११ ला चालत नाही' असं येतंय. खरंच चालत नाही का?

बऱ्याचदा चालतो, आणि नवा लॅपटॉप घ्यायला निघालेल्या माणसाने आधी हे बघावं. प्रोसेसरचा आकडा वाचा. आय५-७२००यू म्हणजे सातवी पिढी, ती यादीबाहेर. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, ती चालते. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात.

प्रोसेसर यादीत असूनही नकार येत असेल तर दोष बहुधा बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगचा असतो. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) मशीनमध्येच असतं, पण बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' नावाने सापडतं, एएमडीवर 'एफटीपीएम' नावाने. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये हे हमखास दिसतं. दुसरा अडथळा लेगसी बूटचा: दुकानदाराने विंडोज मारताना जुनी पद्धत वापरली असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते आणि सिक्युअर बूट (खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू करताच मशीन उठत नाही. मायक्रोसॉफ्टचंच डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलणारं साधन विंडोजसोबत येतं. ते चालवा, मग बायोसमध्ये लेगसीच्या जागी यूईएफआय ही नवी बूट-पद्धत करा. क्रम उलटा करू नका.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर अशा बदलानंतर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर डेटा गेला, त्यावर इलाज नाही.

दुकानदार म्हणतो, जुन्या मशीनवरही विंडोज ११ टाकून देतो. टाकू का?

तो खोटं बोलत नाही. रूफस नावाचं मोफत साधन पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून टाकतं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप न येता दरवेळी हाताने चढवावी लागते. २४एच२ पासून तर प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ हा आदेशसंच नसेल तर विंडोज सुरूच होत नाही, म्हणजे कोअर २ ड्युओ वगैरे मंडळी कायमची बाद.

खरी भीती वेगळीच आहे. 'ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणजे काय, ते विचारा. क्रॅक चालवण्यासाठी डिफेंडर बंद करायला सांगत असतील तर उठून या. सुरक्षा अपडेटसाठी चाललेला सगळा खटाटोप तिथेच वाया गेला.

लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) घ्यायचं तर कोणतं?

लिनक्स मिंट. विंडोजची सवय असलेल्या माणसासाठी आमचं मत एवढंच आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. २ जीबीवर प्रणाली चालते, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की रडते. तो दोष लिनक्सचा नाही, आजच्या वेबसाइटींचा आहे.

दहा प्रकारची लिनक्सं आलटून पालटून टाकून बघणं हा छंद म्हणून छान आहे. घरच्या मशीनवर तो नको.

क्रोमओएस फ्लेक्स कसं आहे?

ही जुन्या लॅपटॉपवर टाकता येणारी गूगलची मोफत प्रणाली. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्याला ठीक. अँड्रॉइडची ॲप्स त्यावर चालत नाहीत, हे लोकांना टाकल्यानंतर कळतं.

आधी रॅम आणि एसएसडीवर खर्च करावा का?

फिरती हार्डडिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचा. मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं घेत असेल तर ते 'जुनं' नसतं, डिस्क संथ असते. २०१२ ते २०१७ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसते, जाडी ७ मिलिमीटर. २४० किंवा २५६ जीबी घरगुती वापराला पुरते. जुनी हार्डडिस्क फेकू नका. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डीव्हीडी ड्राइव्हच्या आकाराच्या साच्यात) बसवता येते, पण कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते. ड्राइव्ह मोजून मगच मागवा.

रॅममध्ये चूक होते ती व्होल्टेजची. डीडीआर३ चं साधं मॉड्यूल १.५ व्होल्टचं, डीडीआर३एल १.३५ चं. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपना एल प्रकारच लागतो आणि साधं घातलं तर मशीन बीप करून गप्प बसतं. एल प्रकार बहुधा दोन्हीकडे चालतो, म्हणून शंका असेल तर तोच घ्या.

मिंट टाकण्याआधी काय तपासायचं?

मिंट न टाकता, पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. ही पायरी लोक घाईत सोडतात आणि मग रडगाणं सुरू होतं.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटची आयएसओ (अख्खी प्रणाली असलेली एक फाइल) जवळपास ३ जीबीची असते. उतरली की तिचा चेकसम (फाइल तंतोतंत उतरली का ते सांगणारा आकडा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. रूफसमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल होता होता मध्येच अडकते, आणि माणूस शिव्या देतो लॅपटॉपला. मग रूफसने पेनड्राइव्ह बनवा आणि मशीन चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, एसरवर एफ१२ (पण ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते), आसुसवर एस्केप.

डेस्कटॉप आला की क्रमाने बघा. वायफाय दिसतं का. यूट्यूबवर आवाज येतो का. प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा चालतात का. कॅमेरा. झाकण मिटून उघडल्यावर मशीन उठतं का. शेवटी प्रिंटर जोडून एक पान खरोखर छापून बघा. वायफाय दिसत नसेल तर लगेच हताश होऊ नका: अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमचे बरेच कार्ड तिथूनच चालू होतात.

आणि बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर. 'डी ड्राइव्हवर ठेवलंय' हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कचा तुकडा असतो.

इन्स्टॉल करताना नेमकं कुठे अडतं?

तीन-चार ठिकाणी, आणि दरवेळी तीच.

पहिलं, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'आरएसटी' किंवा 'रेड' असतो, तो 'एएचसीआय' करावा लागतो. विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल अशी व्यवस्था करा, मग मोड बदला आणि एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. नाहीतर निळा पडदा येतो.

दुसरं, सिक्युअर बूट चालू असताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (मशीनमालकाची किल्ली नोंदवा) असा पर्याय येतो. तो दहा सेकंद थांबून निघून जातो. लोक चहाला गेलेले असतात. मग वायफाय किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोडच होत नाही आणि कारण सापडत नाही. तो पडदा आला की एनरोल निवडा, ठरवलेला पासवर्ड द्या, संपलं.

तिसरं, 'इरेज डिस्क' आणि 'अलाँगसाइड' यांतला फरक न वाचणं. पहिल्याने सगळं पुसलं जातं, अगदी फॅक्टरी रिकव्हरीसुद्धा. दुसऱ्याने विंडोज शेजारी तसंच राहतं.

मल्टिमीडिया कोडेकची खूण करायला विसरलात तर काही बिघडत नाही, नंतर मेनूतून घेता येतात.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर ठेवू का?

पहिले काही महिने ठेवा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा; ते चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. नंतर एक दिवस विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेलेली नाही. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितली की भांडण मिटतं.

लिनक्सवर मराठी टायपिंग कसं करायचं?

इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची सरकारी कळमांडणी) येत असेल तर काहीच उतरवावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत भारतीय गटात मराठी इनस्क्रिप्ट आहे. जोडा आणि भाषा बदलायची कळ ठरवा. एक्सएफसीईमध्ये आधी 'सिस्टम डीफॉल्ट वापरा' ही खूण काढावी लागते, नाहीतर 'ॲड'चं बटण मंदच राहतं.

रोमन अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांनी आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचा एम१७एन हा जोड घ्यावा. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका, लॉग-आउट करून परत या (ही पायरी टाळली तर यादी रिकामी दिसते), मग इनपुट मेथडमध्ये मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट असे पर्याय येतात. सुपर (विंडोजची खूण असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. गूगलसारखा शब्द सुचवणारा प्रकार यात नाही. लिहिलं तसं उमटतं. बारीकसारीक नियम आठवड्याभरात बोटांत बसतात, आणि ज्यांना रोज मोठं लिहायचं आहे त्यांनी तेवढाच वेळ इनस्क्रिप्टला द्यावा असं आमचं मत.

दोन अक्षरं सगळ्यांना छळतात. 'दऱ्या' लिहायचं तर इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून 'र'ची कळ म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर 'दर्या' होतं आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. दुसरं 'ॲ'. हे एकच स्वतंत्र अक्षर आहे. अ वर अर्धचंद्र चिकटवून केलेलं रूप दिसायला जवळचं, पण शोधताना जुळत नाही. हजार नावांच्या यादीत 'ॲड.' शोधून निम्मेच वकील सापडले तर कारण हे.

माझ्या फाइलीत ल आणि श हिंदी वळणाचे का दिसतात?

फॉन्ट तोच असतो, भाषा चुकलेली असते. बऱ्याच नव्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण पुढे येतं. लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारख्या मोफत संचात) सेटिंग्जमधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडा. हिंदी राहिलं असेल तर ल पाकळीचा आणि श देठाचा होणार नाही, कितीही फॉन्ट बदला. हा त्रास नको असेल तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे मोफत फॉन्ट घ्या. ते मराठी वळणासाठीच बनवले आहेत.

कृतीदेव आणि श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींचं काय?

इथे जपून. या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. कृतीदेवमध्ये एफच्या कळीवर ऱ्हस्व वेलांटी असते आणि ती अक्षराच्या आधी टाइप होते. झेडवर रफार असतो आणि तो अक्षर, काना, वेलांटी सगळं झाल्यावर येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन्ही उलट. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या साधनाला वेलांटी मागे सरकवावी लागते, रफार पुढे ओढावा लागतो, आणि जोडाक्षर लांब असलं की ते घसरतं.

फक्त वाचायची असेल तर फॉन्टची फाइल लिनक्सच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाका, कागदपत्र दिसेल. रूपांतर करायचं असेल तर एक पान घेऊन 'निर्णय', 'मूर्ती', 'दऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'शक्तिस्थळ' असे शब्द आणि सगळे आकडे डोळ्यांनी तपासा. आकडे विसरू नका. चुकलेली वेलांटी वाचणाऱ्याला कळते, चुकलेला गट नंबर कळत नाही. दस्त, करारनामे, ठराव असं काही असेल तर विंडोजवरून आधी पीडीएफ करून ठेवा आणि रूपांतराची प्रत वेगळी ठेवा.

डाँगलवर चालणारं श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सोबत पेजमेकर किंवा कोरलड्रॉ, अशी डीटीपीची गाडी असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. वाइनमध्ये (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या साधनात) डाँगल ओळखलं जाण्याच्या भरवशावर लग्नपत्रिकांचा हंगाम काढता येत नाही.

माझा प्रिंटर चालेल का?

कॅननचा एलबीपी २९०० असेल तर आधीच सांगतो: त्रास आहे. आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात तोच असतो. तो 'कॅप्ट' नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे आणि ६४ बिट प्रणालीवर त्याला ३२ बिटच्या फाइली लागतात. बसतो, चालतो, आणि एखाद्या दिवशी दुसऱ्या पानावर अडून बसतो. रोज पन्नास पानं छापणाऱ्याने त्यासाठी एक विंडोज मशीन ठेवावं.

एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला दरवेळी चालू केल्यावर मशीनकडून फर्मवेअर घ्यावं लागतं. एचपीच्या 'एचपीलिप' या लिनक्स ड्रायव्हरसोबत एक वेगळा प्लगइन येतो, तो टाकेपर्यंत प्रिंटर दिसतो पण कागद ओढत नाही. एप्सनचे शाईच्या टाकीवाले एल मालिकेचे प्रिंटर साधारण निमूट चालतात. वायफायवाले नवे प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच सापडतात. कॅननचे लाइड ११० आणि १२० हे स्कॅनर 'सिंपल स्कॅन'मध्ये थेट उघडतात.

टॅली, जीएसटी, डिजिटल सही, आधारचं मशीन?

टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. वाइनमध्ये उघडून दाखवणारे लोक आहेत, मार्चअखेरीस मदतीला धावणारे नाहीत. हिशेबाचं मशीन विंडोजवरच ठेवा.

जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं आणि एकल मालकीच्या धंद्याला ओटीपीवर विवरण भरता येतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही सक्तीची. त्या यूएसबी टोकनांचे काही ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतात, पण टोकन, सहीचं साधन आणि ब्राउझर या तिघांची मोट प्रत्येक पोर्टलवर बांधत बसणं कुणाला परवडणार? प्राप्तिकराचं विवरण ऑनलाइन भरा. एक्सेलवालं साधन मॅक्रोंवर चालतं, ते लिबरऑफिसमध्ये चालत नाही.

सेवा केंद्रांतली बोटांचे ठसे घेणारी यंत्रं विंडोज किंवा अँड्रॉइडवरच ठेवा.

वर्ड-एक्सेलच्या फाइली?

साध्या फाइली उघडतात. तक्ते भरलेला बायोडेटा समोरच्याला पाठवताना पीडीएफ पाठवा.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे खरं का?

घरगुती वापरात क्वचित, पण 'नाहीच' म्हणणाऱ्याला मार्च २०२४ ची गोष्ट सांगा. 'एक्सझेड' नावाच्या, फाइली आवळणाऱ्या एका साध्या साधनात चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने जवळपास दोन वर्षं इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला होता. सापडला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, आणि तेही दूरच्या मशीनवर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेल्यामुळे. बाधित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१, मिंटसारख्या सावकाश चालणाऱ्या प्रणालींत त्या पोचल्याच नव्हत्या. जुनी, मुरलेली आवृत्ती वापरण्याचा फायदा हाच.

उलट बाजूही बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या पडद्यावर आणल्या आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. बातम्यांनी 'मायक्रोसॉफ्ट ठप्प' म्हटलं, पण चूक सुरक्षेचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या तिसऱ्या कंपनीची होती, आणि त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याच वर्षी काही लिनक्स सर्व्हरही पाडले होते. प्रणालीच्या गाभ्यात शिरणारं कुठलंही सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर दोनदा विचार करूनच टाका.

'नासासुद्धा लिनक्स वापरते' हा फॉरवर्ड खरा आहे का?

अर्धा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या काही लॅपटॉपवर २०१३ मध्ये विंडोज एक्सपी काढून डेबियन ६ हे लिनक्स टाकलं गेलं. त्याआधी २००८ मध्ये तिथल्या लॅपटॉपवर चक्क ऑनलाइन गेमचे पासवर्ड चोरणारा वर्म सापडला होता. मंगळावर १९ एप्रिल २०२१ ला उडालेलं इंजेन्युइटी हे हेलिकॉप्टर लिनक्सवर चालायचं, आणि त्यात फोनमध्ये असायची तीच स्नॅपड्रॅगन ८०१ चिप होती. ७२ उड्डाणं केली त्याने.

पण त्याला घेऊन गेलेली पर्सिव्हिअरन्स गाडी लिनक्सवर नाही. तिच्यात व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली आहे आणि आरएडी७५० हा प्रोसेसर, ज्याचा वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे तुमच्या टाकाऊ लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी. किरणोत्साराने बिट पलटले तरी टिकायचं आणि ठरलेलं काम ठरलेल्या मिलिसेकंदाला करायचं, ही तिथली गरज. हेलिकॉप्टर प्रयोग होता, म्हणून त्यात धोका पत्करला. नासाने काय निवडलं यावरून घरचा लॅपटॉप ठरवू नये; तुमच्या टेबलावर एलबीपी २९०० आहे, मंगळावर नाही.

मुलीला अवकाशाची आवड आहे. जुन्या लॅपटॉपवर काय चालेल?

पहिलं स्टेलॅरियम, पडद्यावर आकाश दाखवणारं, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मोफत. दुसऱ्या पिढीच्या इंटेलपासून पुढे अडत नाही. एफ६ दाबून गाव हाताने भरा. नेटवरून आपोआप शोधलेली जागा चुकते, नांदेडात बसलेल्या माणसाला मुंबई दाखवते, आणि अवकाश स्थानक बघताना तेवढ्या फरकाने दिशा आणि उंची दोन्ही बदलतात. एफ२ मध्ये प्लगइनखाली उपग्रहांचा भाग आहे, तिथे 'अपडेट' दाबा. स्थानकाची कक्षा अधूनमधून उचलली जाते, म्हणून काही आठवडे जुनी माहिती असेल तर वेळ मिनिटांनी चुकते आणि पोरं गच्चीवर ताटकळतात. स्थानक दिसतं ते सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी तासा-दीड तासात, तेही जास्तीत जास्त सहा मिनिटं.

दुसरं इस्रोचं 'प्रदान' हे संकेतस्थळ. मोफत नोंदणी केली की चांद्रयान-२ आणि सूर्य बघणाऱ्या आदित्य-एल१ ची मूळ निरीक्षणं उतरवता येतात. चांद्रयान-२ च्या ओएचआरसी कॅमेऱ्यात एका पिक्सेलमध्ये चंद्राची २५ सेंटिमीटर जमीन येते. पट्टी १२,००० पिक्सेल रुंद, फाइल अवाढव्य. ती फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला गेलात तर ४ जीबीचं मशीन गोठेल. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते लागेल तेवढाच तुकडा वाचतं आणि त्याला इस्रोचं पीडीएस४ स्वरूप कळतं. उघडताना मोठी डेटा-फाइल नव्हे, सोबतची एक्सएमएल फाइल निवडायची; दोन्ही एकाच फोल्डरमध्ये नसतील तर काहीच दिसत नाही.

सूर्याची अतिनील चित्रं हवी असतील तर आदित्यवरच्या 'सूट' दुर्बिणीची बघा. ती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने उभी केली. फाइली फिट्स स्वरूपात असतात, त्या डीएस९ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि 'स्केल'मध्ये लॉग निवडा. तोवर चित्र काळंच दिसतं आणि फाइल खराब आहे असं वाटतं.

नाही जमलं, तर परत विंडोजवर जाता येतं का?

येतं. विंडोज ८ किंवा नंतरचं विंडोज घेऊन आलेल्या ब्रँडेड लॅपटॉपची विंडोज ॲक्टिव्हेट करायची की मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते. तीच आवृत्ती परत टाका, म्हणजे होमच्या जागी होम. प्रो टाकलंत तर ती की चालत नाही. पेनड्राइव्ह बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन लिनक्सवर उघडत नाही, म्हणून आयएसओ फाइल थेट उतरवा आणि व्हेंटॉय या मोफत साधनाने केलेल्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करा. असेंबल केलेल्या मशीनची की मात्र बिलावर किंवा खोक्यावर असते. फॉरमॅट मारण्याआधी ती शोधून ठेवा.